सात स्लायडर, दोन कान : स्वस्त इक्वलायझर पेडलचे परीक्षण

चिंचवडला विज्ञान शिकवणाऱ्या आमच्या एका मित्राचा गेल्या पावसाळ्यात निरोप आला. ‘ध्वनीचे प्रकरण सुरू आहे. एका माजी विद्यार्थ्याकडे इलेक्ट्रिक गिटार आणि इक्वलायझर पेडल आहे. एकदा येऊन पाहा. वर्गात वापरण्याजोगे आहे की नुसतेच खेळणे, ते ठरवू.’ गिटार आम्हाला वाजवता येत नाही. पण कंपने आणि अनुस्पंदन यांच्याशी आमचा रोजचा व्यवहार, म्हणून तीन-चार वेळा गेलो. तेथे जे ऐकले, आणि जे एकाला ऐकू आले व दुसऱ्याला आले नाही, त्यावर हे परीक्षण आधारलेले आहे.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊ. इक्वलायझर पेडल म्हणजे साबणाच्या डबीएवढी एक पेटी. गिटारची केबल एका बाजूने आत जाते, दुसऱ्या बाजूने अँप्लिफायरकडे निघते. पायाने कळ दाबली की पेटी चालू किंवा बंद होते. पेटीच्या तोंडावर सात उभे स्लायडर असतात आणि त्यांच्याखाली १००, २००, ४००, ८००, १.६ के, ३.२ के, ६.४ के असे आकडे. के म्हणजे हजार, आणि आकडे हर्ट्झमध्ये. एकूण पातळीसाठी आठवा स्लायडर असतो. प्रत्येक स्लायडर मध्यापासून १५ डेसिबल वर आणि १५ डेसिबल खाली सरकतो. बॉस कंपनीच्या जीई-७ या पेडलने १९८१ पासून ही मांडणी रूढ केली. बेरिंजरच्या ईक्यू७०० सारखी स्वस्त पेडले तीच मांडणी प्लास्टिकच्या पेटीत देतात. आज अशी वस्तू काही हजार रुपयांत मिळते. एखाद्या शाळेला अगदीच न परवडणारी ही रक्कम नव्हे.

सात स्लायडर पाहून शाळेतल्या दुसऱ्या एका बाईंनी विचारले, ‘हे सा, रे, ग, म आहेत का?’ प्रश्नाला हसू नये. आकड्यांकडे नीट न पाहणाऱ्या कोणालाही तो पडेल. प्रत्येक आकडा आधीच्या आकड्याच्या दुप्पट आहे. म्हणजे शेजारच्या दोन स्लायडरांमध्ये एका स्वराचे अंतर नसून अख्ख्या सप्तकाचे अंतर आहे. सात स्लायडरांत मिळून सहा सप्तके पसरली आहेत. आपला कान वारंवारतेतला फरक वजाबाकीने मोजत नाही, गुणोत्तराने मोजतो, हे सांगायला याहून सोपे साधन आमच्या पाहण्यात नाही.

आता गिटार या सहा सप्तकांत कोठे बसते ते पाहू. तिची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की सुमारे ८२ हर्ट्झचा स्वर निघतो, सर्वांत बारीक तार सुमारे ३३० हर्ट्झचा. बारीक तार चोविसाव्या पडद्यावर दाबली तरी मूळ स्वर १,३२० हर्ट्झच्या पुढे जात नाही. मग ३.२ के आणि ६.४ के या स्लायडरांना काम काय? गिटारवर तसा एकही स्वर वाजवता येत नाही! पण ३.२ के चा स्लायडर खाली ओढला की गिटार तोंडावर पांघरूण घेतल्यासारखी बोलू लागते. स्वर तोच, जोर थोडासाच कमी, आणि आवाज मात्र निराळा. पाठ्यपुस्तकात एका वाक्यात उरकलेला ध्वनीचा तिसरा गुणधर्म, म्हणजे त्याचा पोत, येथे मुलांच्या कानांवर पडतो. मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे जे उपस्वर तारेतून एकाच वेळी निघतात, त्यांच्या प्रमाणात पोत दडलेला असतो. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढतो आणि तारेखाली दोरा सरकवतो तेव्हा तो याच प्रमाणाशी खेळत असतो. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२०च्या सुमारास तंबोरा आणि मृदंग यांच्या उपस्वरांवर लिहिले होते. फरक एवढाच की जवारी उपस्वर जन्माला घालते, आणि पेडल जन्मलेल्यांतून कमीअधिक करते. जो उपस्वर तारेत उठलाच नाही, तो कोणताही स्लायडर उचलून येत नाही. तार बरोबर मध्यावर छेडली तर सम क्रमांकाचे उपस्वर उठत नाहीत, कारण त्यांचा स्थिर बिंदू तेथेच असतो. आम्ही तशी छेडून पाहिली आणि मग पेडलशी बराच वेळ झगडलो. घोडीजवळ छेडलेल्या तारेचा टणत्कार काही त्यात आला नाही.

पेटीच्या आत आहे तरी काय? कपॅसिटर आणि तारेचे वेटोळे एकत्र जोडले की ते एका ठरावीक वारंवारतेला अनुस्पंदन दाखवतात, हे बारावीपर्यंत शिकवले जाते. प्रत्येक स्लायडरमागे असा एक मंडलखंड हवा. परंतु १०० हर्ट्झसाठी लागणारे वेटोळे जड आणि महाग होईल, आणि शेजारच्या ट्रान्सफॉर्मरची घरघरही टिपून घेईल. म्हणून बहुतेक पेडलांत वेटोळे नसतेच. एक ऑप-अँप, एक कपॅसिटर आणि दोन-तीन रोधक मिळून वेटोळ्याची नक्कल करतात. या नकलेला जायरेटर म्हणतात, आणि ती कल्पना फिलिप्सच्या प्रयोगशाळेतील बर्नार्ड टेलेगेन यांनी १९४८ साली मांडली. पेडल स्वस्त असण्याचे श्रेय पुष्कळसे या नकलेकडे जाते.

येथवर कौतुक झाले. आता दोष.

पहिला दोष पेडलच्या चेहऱ्याचा. स्लायडर वरखाली केले की त्यांच्या टोकांतून एक रेघ उमटते आणि पाहणाऱ्याला वाटते, हाच आवाजाचा आलेख. तो तसा नसतो. प्रत्येक स्लायडरचा प्रभाव एका आकड्यापुरता नसून दोन्ही शेजाऱ्यांच्या हद्दीत शिरलेला एक डोंगर असतो. ४०० आणि ८०० दोन्ही वर केले की मधल्या ५५०-६०० हर्ट्झच्या भागात दोन डोंगरांचे पायथे एकमेकांवर चढतात. खरा आलेख मऊ, फुगीर आणि दांड्यांच्या चित्राहून वेगळा असतो. तो एका छोट्या कागदावर छापून पेटीसोबत द्यायला कितीसा खर्च येईल? आम्ही पाहिलेल्या पेडलसोबत तो नव्हता.

दुसरा दोष डेसिबलबद्दलच्या मौनाचा. १५ हा आकडा दिसायला लहान, पण १५ डेसिबल म्हणजे विभवांतर सुमारे साडेपाच पट. गिटार जोरात छेडली की तिच्या पिकअपमधून क्षणभर एक व्होल्टपर्यंत विभवांतर येऊ शकते. साडेपाच पट म्हणजे वर साडेपाच आणि खाली साडेपाच, एकूण ११ व्होल्ट. आणि आत बॅटरी आहे ९ व्होल्टची. तरंगाचे माथे कापले जातात, आवाज फाटतो, आणि गिटारचा किंवा अँप्लिफायरचा दोष समजून मुले ते दुरुस्तीला नेतात. शिवाय स्लायडर तारेचा आवाज उचलतो तसा मंडलाचा खरखराटही उचलतो. ६.४ के च्या बाबतीत तर बहुधा खरखराटच अधिक, कारण गिटारसाठीच्या अँप्लिफायरचा बारा इंची स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या पुढे फारसे काही ऐकवत नाही. मात्र गिटार कीबोर्डच्या किंवा सभागृहाच्या ध्वनिक्षेपकाला जोडली (आपल्याकडे हौशी मंडळी पुष्कळदा तसेच करतात), तर तोच ६.४ के कानात दाभण घुसवतो. सारांश, पेडल उचलण्यापेक्षा उतरवण्यासाठी वापरावे. जे नको ते खाली घ्यावे, आणि आठव्या स्लायडरने झालेली घट भरून काढावी.

तिसरा दोष पेडलचा नव्हे, ते विकण्याच्या आणि दाखवण्याच्या पद्धतीचा आहे, आणि शिक्षकांनी त्याकडे मुद्दाम पाहावे. दुकानात किंवा मित्राच्या घरी पेडल बंद-चालू करून दाखवतात. ‘बघ, आता कसं भरल्यासारखं वाटतं!’ वाटणारच. चालू केल्यावर आवाज दोन-तीन डेसिबलने वाढलेला असतो, आणि थोडी वाढ आपल्याला ‘मोठा’ अशी न जाणवता ‘चांगला’ अशी जाणवते. आम्ही वर्गात हेच केले. गिटारवाल्या मुलाने सातही स्लायडर मध्यावर ठेवले, आठवा किंचित वर केला आणि पडद्यामागे पेडल बंद-चालू केले. कोणता आवाज अधिक गोड, असे विचारल्यावर बहुतेक हात चालू पेडलच्या बाजूने वर झाले. पोतात काडीचाही फरक नव्हता. नंतर मोबाइलमधील ध्वनिमापकाने दोन्ही पातळ्या जुळवल्या (हे मापक खरा आकडा सांगण्यात कच्चे असते, तुलनेपुरते चालते) आणि पुन्हा विचारले, तेव्हा वर्गाचे एकमत विस्कटले. दोन गोष्टींची तुलना करताना तिसरी गोष्ट बदलू द्यायची नाही, हे आपण लंबकाच्या प्रयोगात दरवर्षी सांगतो. त्या दिवशी मुलांना ते न सांगता कळले.

याच कारणाने पुस्तकी पाककृतींवरही आमचा विश्वास नाही. ‘दोन्ही टोके वर, मधले खाली’ ही झोळीसारखी मांडणी फार लोकप्रिय आहे. घरी एकट्याने, हळू आवाजात वाजवताना ती छान वाटते, आणि त्याला आधारही आहे: हळू आवाजात आपल्या कानाला खर्जाचे ध्वनी कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवले होते. पण तीच मांडणी गणेशोत्सवाच्या मंचावर नेली की गिटार नाहीशी होते. खालचा प्रदेश बास गिटार आणि ढोलाने व्यापलेला, वरचा झांजांनी. आणि जो ४०० ते १,६०० हर्ट्झचा मधला पट्टा गिटारचे घर, तोच आपण हाताने रिकामा केलेला.

स्लायडरांचा क्रम जसा महत्त्वाचा नाही, तसा पेडलांचा क्रम मात्र फार महत्त्वाचा. आवाज मुद्दाम फाडणारे पेडल आधी आणि इक्वलायझर नंतर ठेवला, तर फाटून निर्माण झालेल्या नव्या उपस्वरांची छाटणी होते. उलट ठेवला तर कोणता भाग किती फाटावा हे ठरते. तांदूळ निवडून भात शिजवणे आणि भात शिजवून खडे वेचणे यांत जो फरक, तोच येथे.

आता त्या गिटारवाल्या मुलाकडे वळू. तो आयटीआय करून चाकणच्या पट्ट्यात एका प्रेस शॉपमध्ये शिकाऊ म्हणून लागला आहे. निगडीहून कंपनीची बस, आठ तास पत्रा दाबणाऱ्या यंत्रांजवळ उभे राहणे, आणि आल्यावर जेवण करून मित्रांबरोबर वाजवणे. त्याची तक्रार होती की गिटार ‘बोलत नाही’, आणि तीन-चार महिन्यांच्या विद्यावेतनाची नवी गिटार घ्यावी असे त्याच्या मनात होते. पेडलवर त्याने ३.२ के आणि ६.४ के जवळजवळ टोकाला नेले होते. सोबत वाजवणारी मुले म्हणत, ‘अरे, कान फुटतात’. त्याला ते बरोबर वाटे.

आम्ही प्रथम त्याची केबल पाहिली. ती दहा मीटर लांब होती. गिटारच्या केबलमध्ये मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड धारिता असते. पिकअप हे स्वतःच एक वेटोळे, त्याची प्रवर्तकता अडीच हेन्री धरू. केबल पाच मीटरची असेल आणि इतर धारिता १०० पिकोफॅरड, तर दोघांचे अनुस्पंदन सुमारे ४,१०० हर्ट्झला येते. दहा मीटरला ते ३,००० वर उतरते. (विद्यार्थ्यांनी सूत्रात आकडे घालून पडताळावे.) म्हणजे त्याच्या आवाजाची वरची धार केबल गिळत होती आणि तो ती पेडलने परत मागत होता. छोटी केबल लावल्यावर आवाज उघडला, ६.४ के खाली आला. पण ३.२ के तेथेच राहिला.

मानवी कर्णनलिका सुमारे अडीच सेंटिमीटर लांब, एका टोकाला पडद्याने बंद. शाळेतल्या अनुस्पंदन नळीचेच गणित येथे लागू पडते: ३४० भागिले चार गुणिले ०.०२५, उत्तर ३,४०० हर्ट्झ. निसर्गाने आपल्या प्रत्येकाच्या कानात ३.२ के चा एक स्लायडर वर करून ठेवला आहे म्हणा ना. बोललेली व्यंजने स्पष्ट ऐकू येण्यात त्याचा मोठा वाटा आहे. तोट्याची बाजू अशी की कारखान्याच्या गोंगाटातलाही हाच पट्टा आतल्या कानापर्यंत सर्वांत जोराने पोहोचतो, आणि इजा त्याच्या किंचित वर, ४,००० हर्ट्झच्या आसपास, प्रथम दिसते. गोंगाटात दिवस काढल्यावर ही श्रवणक्षमता काही तास, कधी एक-दोन दिवस, मंदावते आणि परत येते. वर्षानुवर्षे तेच होत राहिले की परत येणे थांबते. आपल्या कारखान्यांसाठीच्या नियमांत आठ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा आहे. १०० डेसिबलला दोन तास. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्याची संशोधनसंस्था, निऑश, अधिक कडक शिफारस करते: आठ तासांना ८५, आणि १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे. लहान खोलीत ड्रम आणि अँप्लिफायर एकत्र वाजू लागले की १०० डेसिबल सहज गाठले जातात. हा मुलगा दिवसा एक मात्रा घेत होता आणि रात्री दुसरी.

आम्हाला एक कल्पना सुचली. पेडलवरचे आकडे झाकले, स्लायडरांच्या बाजूला कागदी चिकटपट्टी लावली आणि त्याला सांगितले, बुधवारी रात्री शिफ्टवरून आल्यावर आवाज मनासारखा लाव आणि पेन्सिलीने खुणा कर. गुरुवारी, म्हणजे साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, उशिरा उठून दुपारी पुन्हा लाव. चिकटपट्टी दर वेळी नवी, अँप्लिफायरची पातळी तीच. असे चार आठवडे केले. चारही बुधवारी ३.२ के चा स्लायडर गुरुवारपेक्षा वर होता, तीनदा ठळकपणे. हा पुरावा नव्हे. माणूस एक, त्याला आमचा संशय ठाऊक, थकव्याचा परिणाम वेगळा काढलेला नाही, आणि पेडल म्हणजे काही श्रवणमापक यंत्र नव्हे. एखाद्या शोधपत्रिकेने हे दारातूनच परत केले असते आणि ते योग्यच ठरले असते. परंतु त्या मुलाला कान तपासायला पाठवण्यापुरते ते पुरेसे होते.

शिक्षकांनी हे पेडल घ्यावे का? ज्या शाळेच्या ओळखीत गिटार आहे तिने पेडल विकत न घेता उसने आणावे. दोन तासिकांत सप्तकाचे गुणोत्तर, उपस्वर, अनुस्पंदन आणि तुलनेची शिस्त, एवढे त्यातून निघते. पातळी जुळवण्याचा प्रयोग प्रथम करावा, नाहीतर पुढचे सगळे निष्कर्ष डळमळीत. वर्गात आवाज बेताचा ठेवावा. स्लायडर एकदम टोकाला नेण्याचा मोह मुलांना होतोच, म्हणून अँप्लिफायरचे बटण शिक्षकांच्या हाती असावे.

मुलगा पुढच्या महिन्यात श्रवणचाचणीचा कागद घेऊन आमच्या मित्राकडे आला, तेव्हा आम्हीही तेथे होतो. अशा कागदावर आडव्या अक्षावर २५०, ५००, १,०००, २,०००, ४,०००, ८,००० असे आकडे असतात. डावा कान जवळपास सरळ रेषेत होता. उजव्या कानाची रेघ ४,००० पाशी थोडी खाली वाकून ८,००० ला पुन्हा वर आली होती. डॉक्टरांनी कामावर आणि सरावात इअरप्लग वापरायला सांगितले होते, आणि दिवाळीच्या सुट्टीत, गोंगाटापासून दोन-तीन दिवस दूर राहिल्यावर, पुन्हा तपासायला बोलावले होते. मुलाने खिशातून बुधवारची एक चिकटपट्टी काढली, कागदाशेजारी धरली, आणि मग उलटी करून धरली. यंत्रे उजव्या हाताला असतात, असे तो म्हणाला. नव्या गिटारचा विषय त्याने काढला नाही. केबल मात्र आता तीन मीटरची आहे.